वाचलं, सही

७ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. माझं अक्षर ओळखलंत तर पाकीट न उघडताच टाकून द्याल, म्हणून वरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला आहे. म्हणजे सुरुवातच लबाडीने झाली. तुम्ही म्हणाल, हिच्याकडून दुसरं काय होणार.

तुमचा ठावठिकाणा ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी दिला. बाई निवृत्त झाल्या, गुडघे कामातून गेले, पण सगळ्यांचे पत्ते अजून तोंडपाठ आहेत. तुम्ही तिकडे एका इस्पितळात डॉक्टरांच्या वेळा लावणारा प्रोग्रॅम सांभाळता असं त्या म्हणाल्या. ऐकून बरं वाटलं. तिथे चुकून चुकून काय चुकणार, दातांचा डॉक्टर डोळे तपासायला बसेल.

पत्राचं कारण साधं आहे. घरामागची खोली रिकामी करायची आहे. आपली कंपनी जिथे सुरू झाली तीच. छताला ओल आली आहे आणि गवंडी म्हणतो, सामान हलवल्याशिवाय हात लावणार नाही. तुमचं टेबल अजून तिथेच आहे. त्याचं काय करू ते कळवा.

तुमचे दादा गेले त्या दिवशी तुम्ही आला होतात. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभ्या होतात. मी पाहिलं. मधे माणसं होती, त्यांच्यातून वाट काढत तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत तुम्ही निघून गेलात. वाट काढायला मी जरा जास्तच वेळ लावला असेल. त्याला आता दोन वर्षं झाली.

घरात मी एकटी असते. बोलायला कोणी नाही म्हणून मोठ्याने वाचते. औषधाच्या बाटलीवरची सूचना, विजेच्या बिलामागचा बारीक मजकूर, काहीही. सवय तुम्हीच लावलीत. ऐकणारं कोणी नसलं की मधेच थांबून मीच विचारते, "म्हणजे काय?" आणि मग उत्तर द्यायलाही मीच.

टेबलाचं कळवा.

वहिनी

२० जानेवारी

वन्सं,

उत्तर नाही. मला अपेक्षाच नव्हती असं लिहिणार होते, पण दिवसातून दोनदा पेटी उघडून बघते. पेटीत गाद्या विकणाऱ्यांची पत्रकं असतात. तीही मी मोठ्याने वाचते.

टेबल हलवलेलं नाही. गवंड्याला सांगितलं, मालकीणबाईंचा निरोप यायचा आहे. तो म्हणाला, "मालकीणबाई तुम्हीच ना?" मी म्हटलं, "तू खोरं-थापीचं बघ."

कंपनी आता सात मजल्यांची झाली आहे. तीनशे दहा माणसं. मी पाचव्या मजल्यावर बसते, दारावर 'प्रमुख, तपासणी' अशी पाटी आहे. मी लिफ्टमध्ये शिरले की पोरंपोरी हातातले फोन खिशात घालतात. शाळेत व्याकरण शिकवायचे तेव्हाही असंच व्हायचं, फक्त तेव्हा चिंचा खिशात जायच्या.

त्या मागच्या खोलीत आपण तिघंच होतो. दादा बँकेतली नोकरी सोडून शेअर ब्रोकरांचे उंबरे झिजवायचे. ब्रोकर तेव्हा ऑर्डर कागदाच्या चिठ्ठीवर घेत आणि एक माणूस ती फोनवर ओरडून बाजारात कळवत असे. तुमच्या प्रोग्रॅमने ती चिठ्ठी पडद्यावर आणली. आपला पहिला ब्रोकर आठवतो? दोन महिने तो पडद्यावरही ऑर्डर टाकायचा आणि चिठ्ठीही लिहायचा. वर म्हणायचा, "यंत्राचा काय भरवसा, उद्या रुसलं तर?"

यंत्र रुसत नाही, माणसं रुसतात, हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तर तुम्ही तो नियम केलात. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीशेजारी तिचं काम साध्या भाषेत लिहायचं. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं नाही. दुसऱ्या कोणी तरी मोठ्याने वाचायचं, तिसऱ्याने ऐकायचं आणि जिथे कळलं नाही तिथे अडवायचं. मी म्हटलं, "मला यातलं ओ की ठो कळत नाही, मी कशी वाचू?" तर तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तू वाच. तुला कळलं नाही तर माझं चुकलंय."

असं मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं. सासरी-माहेरी, शाळेत, कुठेच नाही.

वाचून झालं की वहीत तारीख, पानांचा आकडा, 'वाचलं' आणि सही. ती सही झाल्याशिवाय एक ओळही ब्रोकरांकडे जायची नाही. तुम्ही प्रत्येक सहीला हसायचात. "वाचलं ना वहिनी? मग वाचलो!" शंभरदा तोच विनोद, आणि शंभरदा आपण दोघी हसायचो. दादा म्हणायचे, या दोघींना एका पगारात ठेवलं तरी चालेल.

त्या वह्या आता पहिल्या मजल्यावर काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. पाहुणे आले की दाखवतात.

वहिनी

११ फेब्रुवारी

वन्सं,

आज एक मुलगी आली होती, जाहिरात विभागातली. कंपनीला पंचवीस वर्षं होताहेत, त्याचं पुस्तक निघणार आहे. म्हणाली, "मॅडम, ती नऊ मिनिटांची गोष्ट तुमच्याच शब्दांत हवी. दर वर्षी नव्या लोकांना सांगता तशीच."

ती गोष्ट मी कशी सांगते ते तुम्हाला ठाऊक नाही. लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

दर वर्षी नवे लोक आले की पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहते. पाठीमागे मला 'वाचनबाई' म्हणतात. मी सांगते, बारा वर्षांपूर्वी आपण बेचाळीस माणसं होतो. एका सकाळी बाजार उघडला आणि आदल्या दिवशी अपुऱ्या राहिलेल्या सगळ्या ऑर्डरी, ज्या रात्रीतून पुसल्या जायला हव्या होत्या, त्या आपल्या प्रोग्रॅमने आपणहून पुन्हा बाजारात पाठवल्या. लोकांनी न मागितलेले शेअर त्यांच्या नावावर चढू लागले. बंद करायला नऊ मिनिटं लागली. आपला सगळ्यात मोठा ब्रोकर त्यात तोंडघशी पडला आणि आपल्याला सोडून गेला. मग मी थांबते. पोरं श्वास रोखून ऐकत असतात. मग सांगते की तो भाग आदल्या दिवशी रीतसर वाचला होता, वहीत सही होती. वाचताना चूक सापडली नाही, कारण वाचताना ती चूक तिथे नव्हतीच. ज्यांनी लिहिलं त्यांनी वाचून झाल्यावर एक ओळ गुपचूप बदलली. त्या स्वतः संस्थापक होत्या. म्हणून आपल्याकडे सहीनंतर कोणीही, अगदी कोणीही, कागदाला बोट लावत नाही.

बारा वेळा सांगितली आहे. तीनशे माणसं, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नाही, तुम्हाला लबाड म्हणून ओळखतात. आणि मला सच्ची.

कंपनी याच गोष्टीवर वाढली, वन्सं. त्या सकाळनंतर दादांनी धसका घेतला. अख्खा तपासणी विभाग उभा केला, मला प्रमुख केलं, आणि ब्रोकरांना सांगत सुटले, आमच्याकडे प्रत्येक ओळ दोन माणसं वाचतात. ब्रोकरांना तेच हवं होतं. बेचाळीसचे शंभर झाले, शंभरचे तीनशे.

मुलीला सांगितलं, उद्या लिहून देते.

वहिनी

१२ फेब्रुवारी

वन्सं,

मी वाचलं नव्हतं.

सकाळपासून सात कागद फाडले. प्रत्येकात आधी कारण लिहिलं होतं आणि मग हे. म्हणून या वेळी हे आधी लिहिलं.

आता कारण. त्या सहीच्या आदल्या दिवशी तो मोठा ब्रोकर आपल्याकडे आला होता, चार माणसं घेऊन. तुम्ही नवा भाग समजावत होतात. मी मधेच विचारलं, "पण रात्री वीज गेली तर?" प्रश्न बावळट असेल. बावळट प्रश्न विचारायचा तर मला पगार होता. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वहिनी, तू चहाचं बघ."

सगळे हसले. दादाही हसले. मी चहाचं बघितलं.

तुम्ही तेव्हा घाईत होतात, दोन आठवडे धड झोपला नव्हतात, हे मला आज दिसतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की चार परक्या माणसांसमोर मला माझी जागा दाखवली. दुसऱ्या दिवशी तुमची चौदा पानं माझ्या टेबलावर आली. माझ्या डोक्यात तिडीक होती. म्हटलं, चहा करणारीने कशाला वाचायचं? वही उघडली, तारीख घातली, 'चौदा पानं, वाचलं' असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि सही केली. मग अर्धा तास खण आवरत बसले. ऐकायला त्या दिवशी दादा बसायचे होते. त्यांना सांगितलं, टायपिस्टबाईंबरोबर उरकलं. टायपिस्टबाई त्या दिवशी रजेवर होत्या. कोणी विचारलंच नाही.

मला कोणाचं नुकसान करायचं नव्हतं. मला फक्त तुमचा एक कागद माझ्याविना जाऊ द्यायचा होता. तुम्हाला कळणारही नव्हतं, आणि मला मात्र बरं वाटणार होतं. एवढाच माझा रुसवा होता.

त्या सकाळी, नऊ मिनिटांनंतर, बेचाळीस माणसांसमोर तुम्ही मला विचारलंत, "वहिनी, तू वाचलं होतंस ना?" तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही आरोप करत नव्हतात, आधार शोधत होतात. मी म्हटलं, "हो."

पुढचं मला बोलावंच लागलं नाही. वहिनीने वाचलं आणि तरी चूक गेली, म्हणजे चूक नंतर आली. चौदा पानांत काय अवघड होतं, असं दादाच म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मी बदललेलं नाही." तीनदा म्हणालात. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून. दादा म्हणाले, "मग वहिनी खोटं बोलते का?" मी खोटं बोलेन असं तुमच्या मनातही आलं नाही. तुम्ही टेबलावर किल्ल्या ठेवल्यात आणि गेलात.

ती चौदा पानं दादा शोधत होते. सापडली नाहीत, कारण ती माझ्या कपाटात होती. आजही आहेत. त्यांत ती चूक जशीच्या तशी आहे. तुम्ही काहीही बदललं नव्हतं.

आज पहिल्यांदा ती पानं काढली आणि वाचली. मोठ्याने, नियमाप्रमाणे. मनातून वाटत होतं की चूक इतकी खोल असेल, माझ्यासारखीला दिसणारच नाही, आणि निदान तेवढी तरी मी सुटेन. सहाव्या पानावर तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'सकाळी यादीतल्या ऑर्डरी पाठव'. वाचल्याबरोबर तोंडातून निघालं, "आणि कालच्या पुसल्या कोणी?"

कुठल्याही मास्तरणीने विचारलं असतं. तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असता, पाच मिनिटांत दुरुस्त केलं असतं, आणि संध्याकाळी आपण हसलो असतो.

पानं सोबत जोडली आहेत. मूळची. माझ्याकडे नक्कल ठेवलेली नाही.

वहिनी

३ मार्च

वन्सं,

अजूनही काही नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते.

पुस्तकासाठी मी खरी गोष्ट लिहून दिली. ती मुलगी वाचता वाचता पांढरी पडली. म्हणाली, "मॅडम, हे मी वर दाखवू?" म्हटलं, "वर, खाली, जिथे दाखवायचं तिथे दाखव."

नव्या साहेबांनी बोलावलं. दादांनंतर आलेत, सभ्य माणूस, टेबलावर बायकोचा फोटो आणि कोरफडीची कुंडी. म्हणाले, "बाई, तुम्ही थकला आहात."

मी म्हटलं, "थकले आहे, पण हे थकल्यामुळे लिहिलेलं नाही."

"पण आता याने कोणाचं भलं होणार? ती गोष्ट आपला पाया आहे. ब्रोकरांना आपण तीच सांगतो. पहिली सहीच खोटी म्हटल्यावर ते काचेचं कपाट कोणाला दाखवायचं?"

"आमच्या वन्संना दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी हात जोडले. पुस्तकात गोष्ट येणार नाही, जुनीही नाही आणि नवीही नाही. तिथे दोन पानं इमारतीचे फोटो टाकणार आहेत.

पण नव्या लोकांचा वर्ग त्याच आठवड्यात होता आणि तो रद्द करायचं कोणाला सुचलं नाही. मी उभी राहिले. छत्तीस जण होते. तुमचं नाव घेऊन सांगितलं, त्यांनी बदललं नव्हतं, मी वाचलं नव्हतं. शेवटी एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मग तुम्ही त्यांना सांगितलंत का?" म्हटलं, पत्र पाठवलंय. ती म्हणाली, "फक्त पत्र?"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीत कागद येणं बंद झालं. लिफ्टमध्ये अजूनही फोन खिशात जातात, पण आता माझ्याकडे कोणी बघत नाही. चार दिवस रिकाम्या टेबलापाशी बसले आणि राजीनामा दिला. साहेबांनी तो फारच चटकन घेतला.

आता दिवसभर घरात असते. गवंडी येऊन छत करून गेला. तुमचं टेबल चादर घालून मधोमध ठेवून त्याने काम केलं, कुरकुरत का होईना. तो आठवडाभर होता तेव्हा घरात निदान ठोकाठोक तरी होती. गेला आणि घर पुन्हा गप्प झालं. मी फार एकटी आहे, वन्सं. हे तुम्हाला सांगायचा मला हक्क नाही, पण दुसरं सांगण्यासारखं माणूस उरलेलं नाही.

या. एकदाच या. हवं तर चार शब्द सुनवा आणि जा. मी दार उघडून उभी राहीन.

वहिनी

२२ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आज सकाळी आलं. पाकिटावरचं अक्षर पाहून मी पायरीवरच बसले. शेजारच्या बाई पाणी घेऊन आल्या, त्यांना वाटलं घेरी आली.

चारच ओळी आहेत. मी त्या मोठ्याने वाचल्या. 'वहिनी, पानं मिळाली. मधे काही वर्षं मलाच वाटायला लागलं होतं की मी बदललं असेन आणि विसरले असेन. दादाला खरं माहीत होतं का? एवढंच सांग, मग यायचं की नाही ते ठरवते.'

सकाळपासून याच्या उत्तराशी बसले आहे. खरं सांगते, आधी मनात काय आलं ते. 'हो' लिहावं असं आलं. लिहावं की त्यांना माहीत होतं, त्यांनीच मला दटावून गप्प बसवलं, कंपनी बुडेल म्हणाले, आणि मी नवऱ्यापुढे काय बोलणार. तुम्हाला ते पटलं असतं. दादा तापट होतेच. अर्धा दोष त्यांच्याकडे गेला असता आणि राहिलेल्या अर्ध्याला तुम्ही कदाचित क्षमा केली असती. आला असतात तुम्ही. आणि हे खोटं आहे असं सांगायला आता जगात कोणी नाही.

नाही, वन्सं. त्यांना माहीत नव्हतं.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ते बरे होते. उशाला टेकून बसले होते. मला म्हणाले, "तिने ती ओळ बदलली म्हणून दहा वर्षं मी तिचं तोंड पाहिलं नाही. पण ती तशी नव्हती गं. लहानपणी फुलदाणी फुटली तरी स्वतः येऊन सांगायची." टायपिस्टबाईंकडून त्यांनी तुमचा नंबर मागून घेतला होता. मला दाखवला नव्हता. तो फोनमध्ये लावून ठेवला होता, नुसतं बटण दाबायचं बाकी होतं. फोन हातात धरून त्यांनी मला विचारलं, "तू ती पानं नीट वाचली होतीस ना? खरं सांग. नसशील वाचली तरी चालेल, मी रागावणार नाही. फक्त मला तिला फोन करता येईल."

मी म्हटलं, "नीट वाचली होती."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मग राहू दे."

वहिनी